जमीन विकायची नाही, एकत्र करायची

मी गुरुग्रामला राहतो. इथले टॉवर शेतांवर उभे आहेत. हरियाणाच्या १९७५ च्या कायद्यानं खासगी बिल्डरांना वसाहतींचे परवाने मिळू लागले आणि डीएलएफच्या के. पी. सिंह यांनी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घेतल्या. शेतकऱ्याला पैसे मिळाले, पण पुढे जमिनीचा भाव वाढत गेला तेव्हा ती त्याची राहिली नव्हती.

पुण्यात हडपसरला वेगळं घडलं. शहर मगरपट्ट्यातल्या उसाच्या शेतांपर्यंत येऊन ठेपलं होतं. सतीश मगर शेतकरी घरातले, शेतीचेच पदवीधर. भावकीला आणि शेजाऱ्यांना त्यांनी एक गोष्ट पटवली: जमीन विकायची नाही, एकत्र करायची. सुमारे १२० कुटुंबांची ४०० एकरांवर जमीन एकत्र आली. कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन, त्या प्रमाणात त्याचे शेअर. २००० साली मगरपट्टा सिटीचं काम सुरू झालं. घरं विकली, आयटी कंपन्यांना कार्यालयं भाड्यानं दिली. म्हणजे उत्पन्न चालू राहिलं. शेतकऱ्यांची पोरं तिथलीच कंत्राटं घेऊ लागली.

यात आराखडा अवघड नव्हता, विश्वास अवघड होता. आपण फूटभर बांधासाठी कोर्टात जातो!

तुमच्या गावाजवळून रिंगरोड जाणार असेल, तर एजंट दारात येण्याआधी भावकीची बैठक घ्या. एकरी भाव नंतर विचारा. आधी सातबारे समोर ठेवा आणि कोण कोण सोबत येतंय, ते बघा.