मल्लखांबावरील नवा गडी

मल्लखांबाचे नाव निघाले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो तयार खेळाडू. तो वेलीसारखा खांबाला वेढे घेत वर चढतो, बोंडावर पोट टेकून हातपाय पसरतो, आणि पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबतो. त्याच आखाड्याच्या कडेला, चपला हातात घेऊन, भिंतीला पाठ लावून उभा असलेला एक नऊदहा वर्षांचा मुलगा मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तो आज पहिल्यांदाच आला आहे. आजच्या भाषणाचा विषय तो मुलगा होय. तो उद्या पुन्हा येईल की नाही, हे पुढील अर्ध्या तासात ठरावयाचे असते. आणि ते त्याच्या अंगच्या गुणांपेक्षा आखाड्यातील मंडळींच्या वागणुकीवर अधिक अवलंबून असते.

मल्लखांबाला जो आजचा आकार आला, त्याचे श्रेय परंपरेने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते. मुळात तो कुस्तीगिराचा व्यायाम. जोडीदार नसताना खांबालाच जोडीदार मानून डावपेचांचा सराव करावयाचा, म्हणून मल्लाचा खांब तो मल्लखांब. त्या काळी विद्या वस्तादाच्या मर्जीवर मिळे. शिष्याने आधी आखाडा झाडावा, माती उकरावी, पाणी भरावे, आणि वस्तादाचे मन प्रसन्न झाले म्हणजे एखादी उडी पदरात पडावी, असा रिवाज. त्यात निष्ठेची कसोटी होती हे खरे. पण कित्येकांची उमेद त्या कसोटीतच संपून जात असे, हेही तितकेच खरे. पुढे व्यायामशाळा निघाल्या आणि हा रिवाज सैल झाला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड संपादून जी विद्या कानोकानी चालत होती ती छापून काढली. कोणी कोणापासून काही राखून ठेवावे, असे त्यानंतर फारसे उरले नाही. तरीही नवख्या मुलाच्या मनातील भीती छापील पुस्तकाने जात नाही. तिचा परिहार आखाड्यातच व्हावा लागतो.

ही भीती खोटी नाही. पुरलेला मल्लखांब जमिनीवर साडेआठ फुटांच्या आसपास उंच असतो. सागवानी किंवा शिसवी, बुंध्याशी कवेत मावेल एवढा जाड, वर निमुळता होत गेलेला, आणि मानेवर वाटोळे बोंड. त्यावर वर्षानुवर्षांचे एरंडेल मुरलेले. इतर खेळांत नवख्याला आधी सोपे काम देता येते. क्रिकेटमध्ये त्याला दूरवर क्षेत्ररक्षणाला उभे करता येते. खोखोत तो निदान पाटीवर बसू शकतो. मल्लखांबात मात्र आरंभीचाच धडा साधी अढी. खांब हातांनी धरावयाचा, उडी घेऊन पाय वर न्यावयाचे, डोके खाली, आणि मांड्यांनी खांब आवळून धरावयाचा. म्हणजे पहिल्याच आठवड्यात जग उलटे पाहावयाचे! ज्याने आजवर आईच्या नकळत खुर्चीवरूनही उडी मारली नाही, त्याला हे किती कठीण जात असेल याची कल्पना सराईत गड्याला राहत नाही. त्याला वाटते, हे तर काहीच नाही. आणि तो तसे बोलूनही दाखवितो.

चांगल्या आखाड्याची ओळख येथेच पटते. तेथे नवा मुलगा आला की कोणी भाषण करीत नाही. एखादा मोठा मुलगा पुढे होतो, नाव विचारतो, नखे वाढली आहेत का ते पाहतो, हातातला कडा-गंडा काढून ठेवावयास सांगतो आणि त्याच्या तळहातावर एरंडेलाचे दोन थेंब घालतो. त्या तेलाचा वास नवख्याला नकोसा वाटतो. तो नाक मुरडतो, मोठा मुलगा हसतो, आणि दोघांची ओळख होते. मग मारुतीला व खांबाला नमस्कार. नंतर जोर-बैठका, सूर्यनमस्कार, अंग मोकळे करण्याचे प्रकार. येथपर्यंत नवा आणि जुना यांत भेद नसतो, सर्व एका ओळीत. आणि हीच त्या शिस्तीतील मोठी सोय आहे. घाम सर्वांनाच येतो.

त्यानंतर खांबाची पाळी येते तेव्हा खरा प्रश्न झेलाचा. नवा गडी उडी घेतो त्या वेळी खाली जो उभा राहतो त्याचे हात कोठे आहेत, यावर सारे अवलंबून. एक हात मानेच्या मागे, दुसरा पाठीशी. डोळे मुलाकडे, गप्पांकडे नाहीत. “घाबरू नकोस रे, मी धरलंय,” एवढेच तो म्हणतो, आणि खरोखरच धरलेले असते. मुलाच्या अंगाला ते कळते. एकदा जर झेलणाऱ्याचे लक्ष चुकून मुलगा डोक्यावर आदळला, तर पुढे कितीही समजूत घातली तरी त्याच्या मांड्या खांबाला मिठी मारीत नाहीत. त्या आधीच सुटू लागतात. म्हणून जाणते शिक्षक झेलणे हा स्वतंत्र विषय मानतात आणि वर चढण्याआधी खाली उतरावे कसे हे शिकवितात. हात आधी जमिनीला लागावे, मान आत घ्यावी, घाई करू नये. ज्याला उतरता येते तो चढण्यास भीत नाही, हा अनुभव जुन्या वस्तादांपासून आजच्या शिक्षकांपर्यंत सर्वांचा आहे.

दोरीच्या मल्लखांबाची गोष्ट थोडी निराळी. तेथे लाकडाऐवजी वरून सोडलेली सुती दोरी असते, पूर्वी वेत असे. दोरीला कोठेही गाठ मारावयाची नाही असा नियम. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमट्यात दोरी धरून चढावयाचे. हा चिमटा पहिले काही दिवस इतका झोंबतो की मुलींच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. मुली या प्रकारात मोठ्या संख्येने आहेत, आणि अलीकडे त्या पुरलेल्या खांबावरही येऊ लागल्या आहेत. ज्या आखाड्यात जुन्या मुली नवीन मुलीला आपल्या अंगठ्याजवळचा घट्टा दाखवितात व “आठपंधरा दिवस दुखतं, मग दुखत नाही बघ,” असे सांगतात, तेथे ती टिकते. जेथे तिला कोणी सांगत नाही, तेथे ती असे समजते की हे दुखणे आपल्यालाच, आपल्याच अंगात काही उणे आहे. आणि तिसऱ्या दिवशी घरी पोटदुखीची सबब सांगते. गोष्ट किती लहान! पण अशा लहान गोष्टींवरच मुली गेल्या आणि राहिल्या आहेत.

हसण्याविषयीही बोलले पाहिजे. आखाड्यात अंगावर कपडे थोडे असतात. मुलगे जांग्यावर असतात. ज्याचे पोट सुटलेले आहे, किंवा बरगड्या मोजून घ्याव्या अशा आहेत, त्याला आपले शरीर प्रथमच दहाजणांपुढे उघडे करावे लागते. लठ्ठ मुलगा खांबावरून घसरून खाली आला म्हणजे हसू येते हे नैसर्गिक आहे. परंतु ते हसू मोठ्या मुलांनी गिळले पाहिजे, आणि शिक्षकाने त्या बाबतीत कठोरच असले पाहिजे. पुष्कळ शिक्षक हसणाऱ्याला दंड म्हणून पंचवीस बैठका देतात. त्यापेक्षा त्यालाच त्या लठ्ठ मुलाच्या झेलाला उभे करणे अधिक गुणकारी ठरते. दुसऱ्याचे वजन हातांवर तोलले की हसण्याची इच्छा राहत नाही.

येथवर सर्व ठीक आहे. अडचण येते ती स्पर्धांच्या दिवसांत. वयोगटांच्या स्पर्धा, जिल्हा, राज्य, राष्ट्र अशी चढती पायरी, आणि अलीकडे मिळू लागलेली सरकारी मान्यता यांमुळे मल्लखांबाला बरे दिवस आले, यात संशय नाही. हिमानी परब हिला अर्जुन पुरस्कार मिळाला. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. परंतु स्पर्धा जवळ आली की खांब एक, वेळ दीड तास, आणि पथकातील सहा मुलांना आपले संच पक्के करावयाचे असतात. मग नव्यांना सांगितले जाते, “तुम्ही जरा तिकडे जोर मारा.” ते जोर मारतात, आठ दिवस मारतात, नंतर येत नाहीत. शिक्षकांचे म्हणणे असे की, पदक आले नाही तर आखाड्याला देणगी येत नाही, आणि देणगी नाही तर खांबही नाही. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे. पण पथकातील सहाजण चारपाच वर्षांत नोकरीला किंवा शिक्षणाला निघून जातात, आणि त्या वेळी ज्यांनी त्यांची जागा घ्यावयाची ते कोपऱ्यात जोर मारून कंटाळून केव्हाच घरी बसलेले असतात. असे ओस पडलेले आखाडे महाराष्ट्राच्या गावोगावी दाखविता येतील. भिंतीवर पदकांच्या तसबिरी आहेत आणि खांबाला वाळवी लागली आहे.

यावर काही ठिकाणी एक साधी तोड निघाली आहे. जो मुलगा महिन्यापूर्वी आला, त्याच्याकडेच आज आलेला मुलगा सोपवावयाचा. त्याची स्वतःची भीती अजून ताजी असते. ती कशाने गेली हे त्याला आठवत असते. तो ‘हे तर काहीच नाही’ असे म्हणत नाही. शिवाय शिकविताना त्याची स्वतःची अढीही सुधारते. मात्र झेलाला मोठाच गडी हवा. तेथे ही कामाची वाटणी चालावयाची नाही.

अंध मुलामुलींना मल्लखांब शिकविण्याचे काम मुंबईत झाले, त्यातून या विषयावर निराळाच प्रकाश पडला. डोळस मुलाला शिक्षक म्हणतो, “असं कर,” आणि करून दाखवितो. अंध मुलीपुढे ही सोय नाही. कोणता हात वर, कोणता खाली, अंगठा कोणीकडे, गुडघा खांबाच्या उजव्या अंगाला की डाव्या, हे सर्व शब्दांनी सांगावे लागते आणि स्पर्शाने पटवून द्यावे लागते. असे सांगावयास बसल्यावरच कळते की एका साध्या अढीत किती गोष्टी दडल्या आहेत, आणि डोळस नवख्यालाही त्या कधी कोणी नीट सांगितल्या नव्हत्या. त्या मुलींना उंचीची भीती तुलनेने कमी असेल असे लोकांना वाटते. तो समज चुकीचा आहे. जमीन किती खाली आहे हे न दिसणे काही धीर देणारी गोष्ट नव्हे. त्यांना धीर देतो तो खालून येणारा ओळखीचा आवाज.

परदेशी पाहुण्यांचेही असेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा अनेक देशांचे खेळाडू आले होते. त्यांतील कित्येकजण वयाने मोठे, कोणी योगाभ्यासातून तर कोणी कसरतीच्या खेळांतून इकडे वळलेले. अढी, बगली, दसरंग, फिरकी ही नावे मूळ मराठी रूपातच उच्चारावयाची, मग जीभ कितीही अडखळो, असा या विद्येचा प्रघात आहे. या उच्चारांवरून जो हशा पिकतो तो मात्र कोणालाच बोचत नाही, कारण त्यात हसणारा आणि अडखळणारा दोघेही सामील असतात.

आणि ज्यांच्याजवळ सागवानी खांबही नव्हता, अशांचे उदाहरण छत्तीसगडातील नारायणपूरचे आहे. अबुझमाडच्या अरण्यप्रदेशातील आदिवासी मुले तेथे मल्लखांब शिकली, आणि २०२३ साली दूरचित्रवाणीवरील एका देशव्यापी कलास्पर्धेत त्यांच्या पथकाने पहिला क्रमांक मिळविला. दूरवरच्या खेड्यांतून आलेल्या या मुलांची राहण्याजेवण्याची व शाळेची सोय आधी पाहावी लागली, खांब त्यानंतर. शहरातील आखाड्यांना एवढे करावे लागत नाही. त्यांच्या दाराशी जो मुलगा येतो तो जेवून आलेला असतो, त्याची आई बाहेर बाकावर बसलेली असते, आणि त्याला फक्त कोणीतरी नाव विचारावयाचे असते.