नळाला पाणी होतं, पण खारं



2022 साली सूर्यफुलाचं तेल एकदम महागलं होतं, आठवतंय ना? आपल्याकडे येणारं बरंचसं सूर्यफूल तेल तेव्हा युक्रेनमधून यायचं. तिथल्या मिकोलाइव्ह बंदरात ते जहाजावर चढायचं. फेब्रुवारीत रशियाने हल्ला केला आणि बंदर बंद पडलं. आपल्याला तेलाचा भाव कळला. त्या गावच्या बायकांवर काय वेळ आली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

मिकोलाइव्ह हे युद्धापूर्वी पावणेपाच लाख वस्तीचं शहर होतं. पिण्याचं पाणी लांबच्या नीपर नदीतून मोठ्या पाइपने यायचं. एप्रिल 2022 मध्ये लढाईत तो पाइप फुटला. दुरुस्तीला जायचं कसं? तो मुलूख रशियन सैन्याच्या ताब्यात. महिनाभर नळ कोरडे राहिले. मग खाडीचं पाणी सोडलं गेलं. नळाला धार आली, पण खारट. त्याने संडास धुवा, फरशी पुसा. पिता येत नाही, रांधता येत नाही. पाणी उकळलं की जंतू मरतात, मीठ मात्र तसंच राहतं. त्या मिठाने शहरातले पाइपही सडले, जागोजागी गळू लागले.

पिण्याच्या पाण्यासाठी कॅन घेऊन रांगा लागल्या. वरून तोफगोळे यायचे. रांग सोडावी तर घरात थेंब नाही, थांबावं तर जिवाला धोका. कितीतरी लेकुरवाळ्या मुलांना घेऊन परमुलखात गेल्या, पुरुष सैन्यात गेले. मागे राहिल्या त्यात म्हाताऱ्या पुष्कळ. वीज गेली की लिफ्ट बंद. मग भरलेला कॅन घेऊन एकेक जिना चढायचा.

नोव्हेंबर 2022 मध्ये रशियन सैन्य नीपरपलीकडे हटलं. लढाई लांब गेली, पण नळाचं पाणी पुढेही कित्येक वर्षं खारंच राहिलं.

नागरिकांच्या पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर हल्ला करायचा नाही, असं 1977 च्या जिनिव्हा जोडकरारात लिहिलेलं आहे. रशिया आणि युक्रेन, दोघांनीही तो मान्य केलेला आहे. तरी कॅन उचलायची वेळ म्हातारीवर आलीच.

सख्यांनो, युद्धाची बातमी ऐकली की कोण जिंकलं, कोण हरलं असं आपण विचारतो. तिथे पाणी कोण भरतंय, हेही आपण विचारू या. भरल्या हंड्याचं ओझं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.