खेळांतील अन्न आणि खरी जखम
(पालक व तरुण यांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या विषयाचें नांव ऐकून कित्येकांच्या मुखावर हंसूं उमटलें, तें माझ्या दृष्टीस पडलें आहे. व्हिडिओ गेममधील अन्न! जें चुलीवर चढत नाहीं, ज्याचा वास येत नाहीं, त्या अन्नाविषयीं ज्युबिलीच्या सभेंत काय बोलावयाचें? परंतु आपलीं मुलें हें अन्न रोज खात आहेत. आणि अन्न म्हणजे काय, तें माणसास कसें बरें करितें, याविषयींची एक समजूत त्यांच्या मनांत तेथें घडत आहे. ती खरी कीं खोटी, हें पाहणें मला अगत्याचें वाटतें.

ज्यांनीं हे खेळ पाहिले नाहींत त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. यांत खेळणारा एखाद्या वीराची भूमिका घेऊन देशोदेशीं हिंडतो व राक्षसांशीं झुंजतो. त्याच्या प्राणशक्तीचें माप पडद्यावर दिसत असतें. घाव बसला कीं माप उतरतें. अन्न खाल्लें कीं चढतें. १९८० सालच्या ‘रोग’ नामक खेळांत अन्न केवळ भुकेसाठीं होतें. तें न मिळाल्यास वीर मूर्च्छित होऊन मरे. पुढें अन्नाकडे औषधाचें काम आलें. अटारी कंपनीच्या १९८५ सालच्या ‘गॉंटलेट’ या यंत्रावर चार जण एकाच वेळीं खेळत. प्रत्येकाची शक्ति क्षणोक्षणीं आपोआप घटे, आणि वाटेंत मधूनच एखादें ताट सांपडे. एक ताट आणि चार भुकेले! शिवाय घाईनें सोडलेला बाण लागला तर कांहीं अन्न नासूनही जाई. तें ताट सर्वांत अशक्त गड्यास सोडावें, असा यंत्राचा नियम नव्हता. तें मुलांनींच ठरवावयाचें. शक्ति संपत आली तर आणखी एक नाणें टाकून ती विकत घेतां येई, हा भाग मात्र मला कधींच रुचला नाहीं.

आतां २०१७ सालीं निंटेंडो कंपनीनें काढलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या खेळाकडे वळूं. यांतील लिंक नांवाच्या वीराची प्राणशक्ति लाल हृदयांनीं मोजतात. आरंभीं तीं तीनच असतात. कच्चें सफरचंद खाल्लें तर अर्धें हृदय भरतें. तेंच भांड्यांत शिजविलें तर पुरें एक. भांड्यांत एका वेळीं पांच जिन्नस टाकतां येतात. पाककृतींची वही खेळ देत नाहीं; कशांत काय घातलें हें खेळणाऱ्यानेंच ध्यानांत ठेवावयाचें. अन्नांत किडे किंवा राक्षसांचे अवयव मिसळले तर ओळखूं न येणारा एक गोळा तयार होतो, व त्यानें फारसें बळ येत नाहीं. शिजविण्याची इतकी गोडी लावणारा खेळ माझ्या मतें विरळा. परंतु खाण्याची रीत पाहा. शत्रूची तलवार डोक्यावर आली असतांना खेळणारा पिशवी उघडतो, त्यासरशी काळ थांबतो. वीर एकामागून एक पांच-सहा पक्वान्नें गिळतो, सर्व जखमा भरून निघतात, आणि लढाई पुढें चालू! पिशवी भरलेली असेल तर हरण्याचें भय फारसें उरत नाहीं.

खोटी समजूत ती हीच. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं डॉ. अँसेल कीज यांनीं एक प्रयोग केला. युद्धांत शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीस स्मरून नकार देणारे ३६ तरुण, उपासमार झालेल्यांस पुन्हा कसें पोसावें हें जगास कळावें म्हणून, आपखुषीनें २४ आठवडे अर्धपोटीं राहिले. नंतर त्यांचें अन्न वाढविण्यांत आलें. तीन महिने लोटले तरी त्यांचें बळ पूर्ववत् झालें नाहीं. पोट भरलें तरी भूक मनांतून जाईना. एका घांसांत जखम भरतांना पाहण्याची ज्या मुलास संवय झाली, तो तापांतून उठलेल्या आजीजवळ पेजेची वाटी घेऊन किती दिवस बसेल, हा माझा प्रश्न आहे. खेळ बंद करा, असें माझें म्हणणें नाहीं.

कारण निराळ्या रीतीचे खेळही आहेत. २०१६ सालच्या ‘फायनल फँटसी फिफ्टीन’मध्यें चार मित्र मोटारीनें प्रवास करितात. रात्रीं तळ पडला कीं त्यांतील इग्निस स्वयंपाक करितो, आणि त्या जेवणाचें बळ दुसऱ्या दिवशीं कामास येतें. तें मिळविण्यासाठीं थांबावें लागतें, शेकोटीभोंवतीं बसावें लागतें, दुसऱ्याच्या हातचें खावें लागतें. पुढें कथेंत याच इग्निसची दृष्टि जाते. तोंवर त्याच्या हातचें किती खाल्लें, हें खेळणाऱ्यास तेव्हां आठवतें.

याहून मला प्रिय आहे तो शिगेसातो इतोई या जपानी लेखकाचा ‘मदर टू’. तो १९९४ सालीं जपानांत व १९९५ सालीं अमेरिकेंत ‘अर्थबाउंड’ या नांवानें निघाला. त्याचा नायक नेस हा लहान मुलगा. बेसबॉलची बॅट हें त्याचें शस्त्र. हॅम्बर्गर खाऊन तो जखमा भरतो. कधीं तर हॅम्बर्गर कचऱ्याच्या डब्यांतही सांपडतो! सोबत योग्य सॉसची पुडी असेल तर त्याच अन्नाचा गुण वाढतो. त्याचा बाप खेळांत कोठेंच दिसत नाहीं. तो दूरध्वनीवर बोलतो आणि बँकेंत पैसे भरतो. ज्यांच्या घरचे कर्ते पुरुष जहाजावर किंवा आखातांत आहेत, त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

या नेसला मधूनच घराची ओढ लागते. लढाईच्या ऐन भरांत तो आईच्या आठवणीनें थबकतो व त्याची पाळी फुकट जाते. हॅम्बर्गरनें ही व्यथा जात नाहीं. आईला फोन करावा लागतो, किंवा घरीं जावें लागतें. घरीं गेला कीं आई त्याच्या आवडीचें जेवण करिते, तो निजतो, आणि सकाळीं त्याचें बळ पूर्ण भरलेलें असतें. तें आवडीचें जेवण कोणतें, हें खेळाच्या अगदीं आरंभीं, पहिल्या लढाईच्या कितीतरी आधीं, खेळणाऱ्यासच विचारलेलें असतें. तो जें नांव लिहितो तेंच ती आई शेवटपर्यंत शिजवीत राहते.

हा खेळ २०२२ सालीं निंटेंडोच्या स्विच यंत्रावर पुन्हा निघाला. आपल्या घरीं कोणी तो खेळत असेल, तर त्या जागीं त्यानें कोणत्या पदार्थाचें नांव लिहिलें आहे, तें आज रात्रीं जेवतांना त्याला विचारून पाहा.