अंगण नसलेल्या घरातलं मूल



कोणाकडे जेवायला गेलो आणि त्यांचं चार वर्षांचं मूल सोफ्यावर टॅब घेऊन बसलेलं दिसलं, की आपण कौतुकानं म्हणतो, "किती शांत आहे हो!" मीही म्हटलंय. आज त्या शांतपणाबद्दलच बोलू या.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसाकाठी किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमछाक होईल अशी. पडद्यासमोर फार तर एक तास. १८० मिनिटं ऐकून छातीत धस्स होतं, पण ती तुकड्यातुकड्यानं भरायची असतात. जिना चढणं, घरभर पळणं, सगळं त्यात आलं. आणखी एक सूचना आहे, ती आपल्याला नेमकी लागू पडते: मुलाला स्ट्रोलरमध्ये सलग तासाभराहून जास्त बांधून ठेवू नका. आठवा, शुक्रवारी संध्याकाळी कॉर्निशवर आपण "मुलाला फिरवून आणतो". फिरतो आपण. मूल बसलेलं असतं.

गावाकडे हे कोणी मोजत नव्हतं, कारण दाराबाहेर अंगण होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आपल्या दाराबाहेर मात्र लिफ्ट, आणि खाली तापलेलं पार्किंग. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उन्हात काम करायला मोठ्या माणसांनाही इथे कायद्यानं बंदी असते, तिथे मुलाला बाहेर कुठे सोडणार?

मग उरतं घर, आणि घरात आपण. "जा, खेळ जा" म्हटल्यानं या वयाचं मूल खेळत नाही. आई-बाबा जमिनीवर उतरले की लगेच येतं. उशा मांडून नदी ओलांडा. चादरीवर बसवून ओढा, मग त्याला रिकामी चादर ओढू द्या. बेडूकउड्या, हत्तीची चाल, आंधळी कोशिंबीर. लंगडीची घाई नको, ती साधारण चार वर्षांनंतर जमायला लागते. खालच्या मजल्यावरच्यांची काळजी असेल तर उड्या गादीवर, अनवाणी. बकाल्यात दूध आणायला जाताना कडेवर घेऊ नका. पाच मिनिटांच्या वाटेला पंधरा लागतील, लागू द्या.

आजी-आजोबांनाही कामाला लावा. फोन कपाटावर टेकवून ठेवा, आणि साताऱ्याहून आजीनं "शिवाजी म्हणतो, हात वर!" असं म्हणावं. नाहीतर त्या व्हिडिओ कॉलवर नातवंडाला "जेवलास का?" यापलीकडे काही विचारलं जात नाही.

बाबा लोकांना एक वेगळं सांगते. तुम्ही दमून येता, ठाऊक आहे. पण घोडा घोडा खेळायला दहा मिनिटं पुरतात. फक्त ती जेवणाआधी ठेवा. झोपायच्या वेळी दंगा केलात, तर रात्री बारापर्यंत घोडा काही तबेल्यात जायचा नाही, आणि बोलणी आईला नाही, तुम्हाला बसतील.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.