पिशव्या लागल्या, इंडिकेटर झाकले



पहाटे मुरैना किंवा भिंडच्या रस्त्यानं ग्वाल्हेरकडे येणाऱ्या दूधवाल्यांच्या मोटरसायकली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना कॅन लटकलेले, मधे बसलेला माणूस जेमतेम दिसतो. अशी गाडी गोला का मंदिरच्या चौकात वळली की मागच्याला काय कळतं? काहीच नाही. इंडिकेटर लुकलुकत असतो, पण कॅनच्या आड. आता तीच अडचण नव्या पिढीनं जरा महाग करून घेतली आहे. शनिवारी पहाटे ओरछा नाहीतर शिवपुरी गाठायची म्हणून मुलं मोटरसायकलला सॅडलबॅगा लावतात. बॅग असते हजारोंची आणि ती नेमकी मागच्या इंडिकेटरवर येऊन बसते.

ती तिथेच का येते, ते आधी बघू. कंपनी मागचे इंडिकेटर सीटच्या शेपटाशी, मडगार्डच्या दोन्ही बाजूंना देते आणि बॅगेचा मागचा कोपरा बरोबर तिथेच पोचतो. शिवाय आपल्या गाड्यांची दोन अंगं सारखी नसतात. डाव्या अंगाला साडीगार्ड असतो, तो नियमानंच असतो. उजवीकडे बहुतेक गाड्यांना सायलेन्सर. म्हणून डावी बॅग बाहेर ढकलली जाते आणि उजवी सायलेन्सरपासून वाचवण्यासाठी वर उचलावी लागते. परिणामी एका बाजूचा दिवा अर्धा झाकतो, दुसऱ्या बाजूचा पूर्ण. दुकानात बॅग रिकामी लावून बघितली तर यातलं काही लक्षात येत नाही. कपडे, रेनकोट, पाण्याच्या बाटल्या भरल्या की बॅग फुगते. म्हणून बघायचं ते बॅग भरून, आणि मागे माणूस बसवून, कारण त्या वजनानं गाडीचं शेपूट खाली बसतं.

माझा पहिला सल्ला इंडिकेटरला हात न लावण्याचा आहे. आधी बॅग हलवा. सॅडल स्टे म्हणून लोखंडी नळीची चौकट मिळते. ती बसवली की बॅग चाकात जात नाही, सायलेन्सरला चिकटत नाही, आणि पट्टे नीट ओढले तर दोन-तीन बोटं पुढेही सरकते. निम्म्या गाड्यांचं काम एवढ्यात होतं. दिव्याची जागा कंपनीनं विचार करून ठरवलेली असते, बॅगेची जागा आपण ठरवतो, तेव्हा आधी माघार बॅगेनं घ्यावी.

तरीही दिवा झाकतच असेल तर तो हलवावा लागेल. कुठे? सगळ्यात चांगली जागा नंबरप्लेटच्या दोन बाजूंना. मोटरसायकलच्या दिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची ५३ क्रमांकाची नियमावली आहे आणि आपल्याकडची मानकंही त्याच धर्तीची आहेत. तिच्यानुसार मागच्या दोन इंडिकेटरच्या आतल्या कडांमधे किमान १८० मिलिमीटर अंतर हवं, म्हणजे वितीपेक्षा थोडं कमी. आपली मागची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट २०० मिलिमीटर रुंद असते. तिच्या बाहेर दोन्हीकडे दिवे लावले की हे अंतर आपोआप मिळतं, मोजपट्टी हवीच असं नाही. उंची जमिनीपासून ३५० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि १२०० पेक्षा जास्त नको. आणि गाडीच्या अगदी मागच्या टोकापासून दिवा फुटभरापेक्षा जास्त पुढे नको. ही शेवटची अट लोक विसरतात आणि दिवा बॅगेच्या पुढे, पिलियनच्या पायाजवळ नेऊन बसवतात. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो दिसणार कसा?

काहीजण दोन्ही दिवे ब्रेकलाइटला अगदी चिकटवतात. दिसायला सुबक असतं, मला मान्य आहे. पण ब्रेक दाबला की लाल उजेड नारिंगीला गिळून टाकतो आणि डावा लुकलुकतोय की उजवा हे लांबून ओळखू येत नाही. जानेवारीत इथे जे धुकं पडतं त्यात तर अजिबातच नाही. दिवा बॅगेवरच बसवण्याची हौसही करू नये. बॅग काढून ठेवलीत की गाडी मुकी.

आता बसवण्याविषयी. नंबरप्लेटच्या मागच्या ब्रॅकेटच्या नटबोल्टांच्याच आधारानं लोखंडाची एल आकाराची पट्टी घ्या, पातळ पत्रा नको, तो थरथरून तुटतो. नट आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा. इंडिकेटरची दांडी रबराची असेल तर तीच राहू द्या, धक्का लागला तर वाकते, मोडत नाही. पट्टीसाठी वेल्डिंग करायचं असेल तर ती गाडीवरून काढून करा. गाडीवरच करणं भाग पडलं तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कॉम्प्युटर असतो, वेल्डिंगचा करंट त्याला सोसत नाही.

तारांपाशी गंमत होते. पुष्कळ गाड्यांत इंडिकेटरला अर्थिंग मिळतं ते धातूच्या दांडीतून, गाडीच्या लोखंडामार्फत. तो दिवा काढून प्लॅस्टिकच्या मडगार्डवर लावला की पेटत नाही आणि मिस्त्री नवा बल्ब घालत बसतो. अशा वेळी अर्थिंगची वेगळी तार ओढायची. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमधे डाव्या इंडिकेटरला नारिंगी, उजव्याला फिकट निळी आणि अर्थिंगला हिरवी तार असते. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे, तेव्हा अंदाजानं जोडू नका, टेस्टलॅम्प लावून बघा. तार वाढवताना मूळ हार्नेस (तारांची जुडी) कापायचा नाही. बुलेट कनेक्टर लावून मधे तुकडा जोडायचा, वर उष्णतेनं आकसणारी नळी चढवायची. नुसती काळी टेप गुंडाळली तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तिचा डिंक वितळतो आणि टेप सुटून लोंबते. तार चाकापासून दूर ठेवा. मागचा शॉकर पूर्ण दबला की टायर कुठवर वर येतो ते बघून मगच क्लिपा लावा.

हलवताहातच तर एलईडी लावू, असं बरेचजण म्हणतात. लावा, पण नारिंगीच, निळा-पांढरा चालत नाही. साधा बल्ब १० वॅटचा असतो, एलईडी त्यामानानं फारच कमी करंट खाते, त्यामुळे दिवे लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला आणि तो भराभर टिकटिकू लागतो. प्रमाण आहे मिनिटाला ६० ते १२०. रेझिस्टर लावून हे दुरुस्त करता येतं, पण रेझिस्टर तापतो, प्लॅस्टिकजवळ मला तो आवडत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालणं बरं. त्यात एक तोटा आहे: बल्ब गेला की टिकटिक वाढून मिळणारी सूचना बऱ्याचदा बंद होते. मग निघण्याआधी खाली उतरून दिवे बघायची सवय लावावी लागते.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या फेरफारांविषयी आहे आणि जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ कडक लावला. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध गाडी बदलता येत नाही. परवानगी नसलेल्या फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर फेरफारामागे पाच हजार दंड आहे, कैदही होऊ शकते. म्हणून मूळ दिवे जपून ठेवा, काही कापू नका, बोल्ट सोडले की गाडी जशीच्या तशी व्हायला हवी. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून रोड टॅक्सच्या सवलतीत नवी गाडी घेऊन थेट ॲक्सेसरीच्या दुकानात जाणाऱ्यांनी वॉरंटीचाही विचार करावा. हार्नेस कापलेला दिसला की कंपनी हात वर करते.

काम झालं की गाडी भरून, माणूस बसवून दोन्ही चाकांवर सरळ उभी करा आणि मागे, मग दोन्ही अंगांना तिरकं जाऊन बघा. सरळ मागून दिवा सगळ्यांनाच दिसतो. अडचण येते ती शेजारून पुढे काढणाऱ्याची. नियमात बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिवा दिसावा असं आहे, म्हणजे जवळजवळ गाडीच्या बरोबरीला येईपर्यंत. तिथून बॅगच दिसली, दिवा दिसला नाही, तर पट्टी आणखी बोटभर बाहेर घ्या. ही तपासणी भर दुपारी करा, रात्री कुठलाही दिवा झगझगीत वाटतो. मागे बसणाऱ्या बाईंचा पदर किंवा ओढणीही बघून घ्या, ती दिव्यावर येते आणि कधी चाकातही जाते.

राहिले आपले दूधवाले. त्यांचे कॅन हलणार नाहीत, त्यावर पोट आहे. त्यांनी कॅनच्या कॅरिअरच्या मागच्या आडव्या नळीलाच दोन्ही टोकांना पट्टी लावून दिवे घ्यावेत. कॅरिअर कायमचा असतो, त्यामुळे तारेचा कनेक्टर तुटण्याची भीती कमी. मात्र कॅन चढवताना दिव्यावर आपटतो, म्हणून वर लोखंडाची छोटी कमान लागेल. कॅरिअर बनवतानाच वेल्डिंगवाल्याला ती करायला सांगितली तर वेगळा खर्च फारसा नाही. कॅनच्या मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर टेपची पट्टीही चिकटवावी, पण कॅन आधी धुऊन, चांगला कोरडा करून. दुधाच्या ओशट पत्र्यावर ती दोन दिवसही टिकत नाही.