परक्या घरची ठेव



पूर्वी आपल्याकडे ज्वारी पेवात साठवीत. पेवाचे तोंड एकदा लिंपले की आत दाणा आहे की भुसा, हे उघडल्यावाचून कळत नसे. परक्याच्या पेवात धान्य ठेवायचे तर त्या माणसाचा भरवसा हवा. आजचा आमचा विषय याच भरवशाचा आहे. धान्याच्या जागी मात्र माहिती आहे.

ह्वान बेनेट यांच्या प्रोटोकॉल लॅब्ज या संस्थेने उभारलेले फाइलकॉइन हे जाळे ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झाले. त्याचे कोठार एका मालकाचे नाही. अटी पाळणाऱ्या कोणालाही आपले यंत्र त्यास जोडता येते. मोबदल्यात नवी नाणी मिळतात, म्हणून या कामास 'खाणकाम' हे नाव पडले. खणायचे मात्र काही नसते, सांभाळायचे असते.

अटी कडक आहेत. माहिती 32 किंवा 64 गिबिबाइटांच्या कप्प्यांत भरून 'लिंपावी' लागते. या लिंपण्याला मुद्दाम वेळ लागेल अशी योजना आहे, आणि प्रत्येक प्रत त्या राखणदाराच्या नावची अशी वेगळी बनते. एकच प्रत दाखवून दहांचे पैसे घेता येत नाहीत. नाण्यांच्या बक्षिसाला पात्र ठरण्यास निदान 10 टेबिबाइट, म्हणजे लहान आकाराचे 320 कप्पे, हवेत. शिवाय त्याच नाण्यांत अनामत भरावी लागते. मग दर 24 तासांत प्रत्येक कप्प्याची हजेरी! दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे 48 भाग पाडलेले असतात. आपल्या वाट्याच्या वेळी पुरावा गेला नाही, तर कप्पा नादुरुस्त ठरतो, आणि तो तसाच राहिला तर दंड बसू लागतो. आपल्या गावी वीज गेली होती, ही सबब तेथे ऐकणारा कोणी नाही.

इतके करून काय सिद्ध होते? ठेव जागेवर आहे, एवढेच. रिकामे कप्पे लिंपूनही बक्षीस मिळते. म्हणून खऱ्या उपयोगाच्या माहितीला दहापट वजन देण्याची योजना केली गेली. पण उपयोगाची माहिती कोणती, हे यंत्रास कसे कळावे? ते ठरविण्यास माणसेच नेमावी लागली. माणसाच्या भरवशावाचून चालावे म्हणून जे उभारले, त्यास फिरून माणसाच्याच दारी यावे लागले. आम्हांस यात हसण्यासारखे काही दिसत नाही. शिकण्यासारखे पुष्कळ दिसते.

म्हणून या कामात पडू पाहणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे इतकेच: विजेचा, यंत्राच्या झिजेचा आणि अडकलेल्या अनामतीचा हिशेब आधी मांडा, मिळकत ज्या नाण्यात होते, त्याचा भाव चढतो तसा उतरतोही. आणि ठेव ठेवणाऱ्यांनीही ध्यानात धरावे की लिंपणे म्हणजे कुलूप नव्हे. खाजगी कागद कूटबद्ध करूनच द्यावेत. राखणदाराची अनामत जप्त झाली, म्हणून हरवलेला कागद परत येत नाही. त्याची दुसरी प्रत आपल्या घरी असू द्या.