साडीची कांथा

फौजेतून निवृत्त होऊन मी कोलकात्यात राहतो. फौजेची शिस्त अशी, की लागेल ते ठेवायचं, बाकीचं काढायचं. पण आईच्या जुन्या साड्यांचं काय करायचं? नेसायला कुणी नाही, टाकवत तर नाहीतच.

बंगालमध्ये यावर जुना उपाय आहे, कांथा. आपल्या गोधडीची सख्खी बहीण. शब्दही ओळखीचा, नाथपंथी जोग्यांची ती कंथा.

धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचे तीन-चार थर अंथरा. सुरकुत्या काढा. आधी लांब कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. मग मधून कडेकडे धावदोरा. इथल्या बायका रंगीत दोराही साडीच्या काठातूनच काढत. म्हणजे खर्च फक्त सुईचा! आयसीएस अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी अशा कांथा आवर्जून जमवल्या. जोक्याचं संग्रहालय त्यांच्याच नावाचं.

सुरुवात हातभर चौकोनाने करा. ओळखीचा काठ वरच्या थरात ठेवा. नातवंडं विचारतील, ही साडी कुणाची? पणजीचं नाव सांगायला तेवढं निमित्त पुरतं.